आमची वाटचाल : पाटलांचे ‘फाटील’ झाले तिथपासून

२००२ सालच्या ऑगस्टमध्ये आमच्या छापखान्यातून एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल बाहेर पडला, आणि त्यात पाटलांचे ‘फाटील’ झाले होते. जाधवांचे ‘झाधव’, गायकवाडांचे ‘घायकवाड’, कदमांचे ‘खदम’. संचालक मंडळाचा तक्ता, आडनाव आधी, अकरा नावं. त्यातली सात अशी. बाराशे प्रती बांधून तयार आणि सभा चार दिवसांवर.

प्रुफं बरोबर होती. पण शेवटच्या दिवशी नावांचा क्रम बदलून हवा म्हणून निरोप आला आणि आमच्या ऑपरेटरनं तो तक्ता वर्डमध्ये नव्यानं टाईप केला. तेव्हाचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा. आमच्या फाँटमध्ये ‘के’ची कळ साधी दाबली की क, शिफ्ट धरून दाबली की ख, ‘जी’ला ग आणि घ, ‘पी’ला प आणि फ. वर्डला मराठी कुठलं कळायला? त्याच्या लेखी ती इंग्रजीच. आणि तक्त्याच्या प्रत्येक चौकटीतलं पहिलं अक्षर आपणहून मोठं करायची त्याला सवय. त्यानं इमानेइतबारे काम केलं आणि आमची अब्रू गेली. ते पान पुन्हा छापून, पिना काढून, पुन्हा बांधून दिलं. पैसे अर्थात आमचेच. ज्या लिपीत मोठी-लहान अक्षरं असा भेदच नाही, तिच्यात आम्ही कॅपिटल अक्षरांमुळे बुडालो, याचं मला अजून हसू येतं. त्या वेळी आलं नव्हतं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७४ साली सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत एक ट्रेडल मशीन टाकून सुरुवात केली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. तेव्हा खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे शिशाचे ठसे, जुळवायचे. इंग्रजीचे खिळे दोन केसांत, म्हणजे खान्याखान्यांच्या पेट्यांत असत : वरच्या केसमध्ये मोठी एबीसीडी, खालच्यात लहान. अप्पर केस, लोअर केस ही नावं तिथूनच आली. मराठीला मात्र काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून शेकड्यांनी खाने लागत. केस जुळाऱ्याच्या समोर तर असतच, डाव्या-उजव्या हातालाही असत. अण्णा म्हणायचे, “इंग्रजीला दोन खोल्या पुरतात, मराठीला वाडा लागतो.” पण त्या वाड्यात मोठ्या अक्षरांची खोली नव्हती.

त्यामुळे मराठी मजकुरात नाव कुठलं आणि साधा शब्द कुठला, हे अक्षरावरून कळत नाही. ‘प्रकाश गेला’ असं छापलं तर दिवे गेले की माणूस, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. मराठी हे काम ‘श्री.’ लावून आणि ‘यांनी’, ‘गेले’, ‘आले’ म्हणून भागवते. आपल्याकडे मोठेपणा अक्षराला नसतो, क्रियापदाला असतो. हँडबिलात कुणाला चुकून ‘आला’ छापलं तर काय होतं, ते नव्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतो.

कॅपिटलचा दुसरा अर्थ, भांडवल, मला २००८ साली शिकावा लागला. डिसेंबरमध्ये जुनं एकरंगी ऑफसेट मशीन घेतलं, ६ लाख ४० हजारांना. वाहतूक ३८ हजार, पाया २२ हजार, फिटर १५ हजार, चाचणीत वाया गेलेला कागद ९ हजार, आणि मशीन सुरू होईपर्यंतचं कर्जाचं व्याज १६ हजार. माझा हिशोब सरळ होता : मशीन ते मशीन, वरचे एक लाख या वर्षीचा खर्च. सीए म्हणाले, “नाही, हे सगळं कॅपिटलाइज करावं लागेल, म्हणजे खर्चात न टाकता मशीनच्या किमतीत धरावं लागेल. मशीन चालू स्थितीत आणायला जे लागलं ते मशीनच.” म्हणजे ताळेबंदात मशीन ७ लाख ४० हजारांचं. त्यावर घसारा, म्हणजे झिजेपोटी दर वर्षी नफ्यातून वजा होणारा भाग, १५ टक्के, तोही १८० दिवसांपेक्षा कमी वापर म्हणून पहिल्या वर्षी निम्माच, ५५ हजार ५००. खिशातून गेलेला पैसा आणि नफ्यातून वजा होणारा पैसा हे दोन वेगळे प्राणी आहेत, हे मला चाळिशीत कळलं. (आमच्याकडे हिशोब लिहिणाऱ्या पोरानं तर ‘कॅपिटलाइज करा’ ऐकून टॅलीतल्या त्या सगळ्या नोंदी मोठ्या एबीसीडीत टाईप केल्या. त्याला काय बोलणार? त्याच्या पगाराचं अर्धं काम डीटीपीचंच, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाईप करून जुळवायचंच होतं.)

खर्च आणि भांडवल यांतली रेघ किती बारीक असते, ते पुरानं शिकवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमच्या दुकानात पाणी छातीच्या वर होतं. कागदाचे रीम फुगून दारं उघडेनात. ऑफसेटची मोटर रिवाइंड केली, रोलर नवे घातले, बेअरिंगं काढून धुतली, असे पावणेदोन लाख गेले. यातलं काही कॅपिटलाइज होईल का, म्हणून मी आता शहाण्यासारखं विचारलं, तर सीए म्हणाले, “मशीन होतं तसं परत आणलंत, नवं काही मिळवलं नाहीत. ही दुरुस्ती, सरळ खर्चाला टाका.” मात्र बुडालेल्या साध्या कटिंग मशीनच्या जागी प्रोग्रॅमवालं घेतलं, ते भांडवली. एकच पूर, एकच चिखल, आणि बिलं दोन ढिगांत.

त्यासाठी ९ लाखांचं कर्ज काढलं. गाळा तारण होता. बँकेचा मूल्यांकनकार आला, आजूबाजूची भाडी विचारून गेला आणि त्यानंही भांडवलीकरणच केलं, पण तिसऱ्याच तऱ्हेचं : वर्षाचं निव्वळ भाडं ९६ हजार, परताव्याचा दर ८ टक्के, म्हणून गाळा १२ लाखांचा. मी घरी कॅल्क्युलेटरवर दर ६ टक्के धरून पाहिला, तर तोच गाळा १६ लाखांचा झाला. भिंती त्याच, ओलही तीच.

मग २०२०. टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत. लग्नंच होत नव्हती तर पत्रिका कोण छापणार, तेव्हा आम्ही ती घेतली. हप्ता थांबला, व्याज नाही थांबलं. ते दर महिन्याला मुद्दलात जाऊन बसलं. बँकेच्या पत्रात यालाही कॅपिटलायझेशनच म्हटलं होतं. अण्णा असते तर एका शब्दात म्हणाले असते : चक्रवाढ. पुढे सरकारनं दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना सरळ व्याज आणि चक्रवाढ यांतला फरक परत दिला. पेपरात बातमी केवढी मोठी! आमच्या खात्यावर ११ टक्के दरानं आलेली रक्कम हजार-बाराशेच्या आतबाहेर. सहा महिन्यांचं ४९ हजार ५०० व्याज होतं तिथंच राहिलं.

माझी पुतणी बारावीला अर्थशास्त्र घेऊन होती. भूमी, श्रम, भांडवल, संयोजन हे उत्पादनाचे चार घटक पाठ करताना मला म्हणाली, “काका, गल्ल्यातले पैसे म्हणजे भांडवल नाही. मशीन म्हणजे भांडवल.” बँकेत मात्र ‘खेळतं भांडवल’ मागायला गेलं की ते गल्ल्याचंच विचारतात. पुस्तक बरोबर की बँक, यावर आम्ही दोघं एक संध्याकाळ भांडलो. पुतणी जिंकली असं तिचं मत आहे.

शेअरबाजारातली ‘कॅप’ आमच्याकडे माहितीपत्रकांतून आली. म्युच्युअल फंड विकणारे एक गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या मजकुरात ‘लार्ज कॅप’चं आमच्या नव्या मुलीनं ‘मोठी टोपी’ केलं होतं. मी तिला सांगितलं : शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर, ते मार्केट कॅपिटलायझेशन, म्हणजे कंपनीची बाजारातली किंमत; शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१७ सालच्या नियमानं त्यात पहिल्या शंभर कंपन्या लार्ज, पुढच्या दीडशे मिड, २५१ पासून स्मॉल. ती म्हणाली, “म्हणजे भाव पडला की कंपनी बारीक होते? कारखाना तेवढाच राहून?” होते. टोपी घालणं हा वाक्प्रचार मी तिच्यासमोर मुद्दाम काढला नाही. गिऱ्हाईक टिकवायचं असतं.

आता दुकानाचा फलक बदलायचा आहे. २०२२ पासून आमच्यासारख्या दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानालाही नाव मराठीत, देवनागरीत आणि आधी लिहावं लागतं, आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पुतण्याला खालचं इंग्रजी नाव सगळं लहान एबीसीडीत हवंय. मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं, असं त्याच्या पिढीचं म्हणणं. फलकवाला टेप घेऊन उभा : मराठी अक्षराची उंची शिरोरेषेपासून धरू की वेलांटीच्या टोकापासून? आमची या विषयावर तीन वेळा बैठक झाली. मी शिरोरेषेच्या बाजूचा.

फलकाचा अंदाज १४ हजारांचा आलाय. हा खर्च की भांडवली, म्हणून सीएंना फोन केला. त्यांनी उलट विचारलं, “किती वर्षं टिकेल?” अण्णांचा १९७४ सालचा पत्र्याचा फलक अजून माळ्यावर आहे. माळ्यापर्यंत पाणी चढलं नव्हतं, त्यामुळे अक्षरं अजून वाचता येतात. सीएंना अजून उत्तर दिलेलं नाही.