तुम्ही विचारलंत म्हणून: खायच्या की नाही?

"तू त्या शिंपल्यांवर काम करतेस ना, मग सांग, खायच्या की नाही?" हळदीला विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, ऐरोली स्टेशनबाहेर रिक्षाच्या लायनीत उभी असताना विचारतात, सासूबाईंच्या भिशीत तर हा ठरलेला विषय आहे. हो किंवा नाही, एवढंच हवं असतं. मी "तसं सांगता येत नाही" म्हटलं की लगेच चेहरा, की एवढं शिकून हिला हेही सांगता येत नाही. तर एकदाच लिहून टाकते, ह्यापुढे कोणी विचारलं की हेच वाचायला देणार.

ह्या शिंपल्या येतात त्या ठाणे खाडीचं वर्णन करत बसत नाही, वाशीच्या पुलावर गाडीची काच खाली केलीय ना कधी, मग झालं.

पहिली गोष्ट, मी ज्याच्यावर काम करते तो प्राणी आपल्या ताटात येणारा नाहीच. मसल, हिरव्या कवचाचा, पेर्ना विरिडिस, गोव्याकडे ज्याला शिणाणे म्हणतात तो. त्याला धरून बसायला खडक लागतो आणि आपल्याकडे सगळा चिखल, त्यामुळे आम्ही तो रत्नागिरीकडून आणतो, प्रयोगशाळेतल्या टाकीत काही दिवस रुळू देतो आणि मग पाण्यात मोजून नॅनोकण, म्हणजे अतिशय बारीक कण, घालतो. टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, म्हणजे तुमच्या सनस्क्रीनमध्ये आणि भिंतीच्या रंगात असतं तेच. चांदीचे कण पण असतात, वास न येणाऱ्या मोज्यांमध्ये घालतात ते.

मसलच का, तर तो जागचा हलत नाही आणि दिवसरात्र पाणी गाळतो, तासाला लिटरभर, मोठा असला तर त्याहून जास्त, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठत जातं. 1975 साली एडवर्ड गोल्डबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हेच म्हटलं, की समुद्राचं प्रदूषण बघायचं तर मसल तपासा, आणि 1986 पासून अमेरिकेत सरकारी पातळीवर ते चालू आहे. म्हणजे हे आमचं खूळ नाही, एवढंच सांगायचंय.

आता नॅनोकण म्हणजे 1 ते 100 नॅनोमीटर, केसाची जाडी साधारण 80 हजार नॅनोमीटर असते त्यावरून बघा. इतकं बारीक काही कल्ल्यांतून सरळ निसटून जायला पाहिजे ना? मलाही सुरुवातीला तेच वाटायचं. पण समुद्राच्या पाण्यात मीठ, त्यामुळे कण सुटे राहत नाहीत, दूध नासल्यावर कसं होतं तशा त्यांच्या गुठळ्या होतात, आणि गुठळी मसलला बरोबर पकडता येते. नको असलेलं बरंचसं तो चिकट द्रावात गुंडाळून न गिळताच बाहेर टाकतो, उरलेलं पाचकग्रंथीत जातं. तिथल्या किंवा रक्तातल्या पेशींना आम्ही न्यूट्रल रेड नावाचा लाल रंग देतो. धडधाकट पेशी तो रंग आपल्या पिशव्यांमध्ये, म्हणजे लायसोसोममध्ये, बराच वेळ धरून ठेवते, त्रासातली पेशी सोडून देते. मायक्रोस्कोपखाली तो लाल रंग पसरताना दिसतो. कधीकधी मसल कवच मिटून घेतो, खाणंच कमी करतो, खडकाला धरायचे त्याचे धागे कमी किंवा कच्चे होतात. मरतोच असं नाही, आणि लोकांना नेमकी मेलाय का तेवढीच गोष्ट ऐकायची असते.

आणि जे कोणी सांगत नाही ते मीच सांगते. आम्ही पाण्यात घालतो ते बऱ्याचदा लिटरला मिलिग्रॅमच्या हिशोबात, आणि खऱ्या समुद्रात ह्या कणांचे अंदाज मायक्रोग्रॅममध्ये किंवा त्याहून खाली. म्हणजे हजार पटीचा फरक, कधी कितीतरी जास्त. जास्त मात्रा घालतो कारण परिणाम दिसला तर तो कुठून होतो ते शोधता येतं. ही पळवाट नाही. थोडीशी आहे.

आता माझ्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरलेला तो फोटो. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन म्हणून एका सोसायटीत बोलायला बोलावलं होतं, मी दोन पेशींची स्लाइड दाखवली, एक चांगली आणि एक रंग सांडलेली. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला, त्यात कोपऱ्यात माझं नाव, आणि खाली स्वतःच्या मनाने लिहिलं "ठाणे खाडीच्या शिंपल्यांत विषारी कण सापडले". पुढे व्हॉट्सॲपवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

आमच्या मार्केटबाहेर एक मावशी बसतात, कोळीवाड्यातल्या, कालवं, खुबे, कधी चिंबोऱ्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याकडून मासळी घ्यायची. त्या संध्याकाळी मी नुसती बाजूने चालले होते तर त्यांनी हाक मारली. "ये गो बाय, हिकरं ये." नातवाचा फोन पुढे केला. "ह्यो फोटू तुजा ना?"

मी म्हटलं मावशी, हा आमच्या टाकीतला आहे, रत्नागिरीचा, खाडीचा नाही.

"मंग खाली तसा लिव."

"ते मी नाही हो लिहिलं."

"नाव तर तुजाच हाय."

मग मी समजवायला लागले, मिलिग्रॅम, मात्रा, आम्ही मुद्दाम जास्त घालतो वगैरे, त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे जहर तूच घातलास." आजूबाजूच्या बायका हसल्या. मी पण हसले, काय करणार, खरंच होतं. पण मावशी हसत नव्हत्या. "खारीन जे रोज टाकतान त्यांचा नाव हाय का ह्याच्यावर? त्यांचा नाय. मी वाटा लावून बसलंय, माजाच धंदा."

एवढ्यात एक बाई, पिशवी घेऊन उभी होती, माझ्याकडे वळली. "मग घेऊ का हो ताई?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मावशी पण. मी म्हटलं, "मी सध्या खात नाही." बाई गेली. मावशींनी कालवांवर ओलं फडकं टाकलं आणि शेजारणीशी बोलायला लागल्या, माझ्याशी नाही.

ह्यावर मला घरी सगळ्यांनी सुनावलंय, की घ्या म्हणायला काय जात होतं. मी खोटं बोलायला हवं होतं का? मी खात नव्हते हे खरं होतं. फक्त कारण नॅनोकण नव्हतं, आणि ते उभ्या उभ्या कसं सांगणार. माझी भीती साधी आहे, सांडपाण्याची. पाणी गाळणारा प्राणी जंतूही गाळतो, हेपॅटायटिस ए वगैरे, ते नीट शिजवलं तर मरतात. कॅडमियम, शिसं शिजवून जात नाही, आणि मिठाच्या पाण्यात भिजत ठेवून जाते ती रेती. हे सगळं जुनं आहे, नॅनोच्या कितीतरी आधीचं.

एम.एस्सी.ला असताना मी म्हणायचे आकडे आपलं आपण बोलतात, आपण फक्त मांडायचे. त्या मुलीला आता त्या मार्केटबाहेर उभी करावीशी वाटते. पण तिचंही सगळं चूक नव्हतं. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत सत्तरच्या दशकात कालवांची कवचं वेडीवाकडी, जाड व्हायला लागली, तेव्हाही लोक म्हणाले असतील काय त्या शिंपल्यांचं एवढं. ते बोटींच्या रंगातलं टीबीटी नावाचं विषारी रसायन निघालं, 1982 मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर बंद केलं, आणि जगभर बंदी लागू व्हायला 2008 उजाडलं. त्याच 2008 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की मसलने गिळलेले प्लास्टिकचे सूक्ष्म कण आतड्यातून रक्तात जातात आणि 48 दिवसांनीही तिथे असतात. म्हणून बघायला तर लागणारच, गप्प बसून कोणाचा धंदा वाचणार आहे?

मावशी आता बोलतात, थोडं. मध्ये म्हणाल्या ओहोटीला ये माझ्याबरोबर, नाल्याच्या तोंडाची कालवं घे आणि पलीकडची घे, दोन्ही तपास, मग काय लिवायचं ता लिव. प्रयोग म्हणून हा माझ्या टाक्यांपेक्षा सरळ आहे. मी तसा प्रस्ताव लिहिला, तर वरून आलं की जड धातूंवर खूप झालंय, ह्यात नवीन काय, नॅनो घाला.

तर खायच्या की नाही. मी अजून खात नाही. नवरा खातो, त्याच मावशींकडून आणतो, भरपूर उकळायला लावते मी, आणि त्याला अडवत नाही. का अडवत नाही ते मला धड सांगता येणार नाही, तेव्हा तेवढं मात्र विचारू नका.