वाडी रिकामी झाली, पण कुठल्या अर्थानं?

‘बनगरवाडी’ शिकवायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कादंबरी वाईट म्हणून नव्हे. १९५५ साली आलेलं व्यंकटेश माडगूळकरांचं हे पुस्तक मी अजूनही एका बैठकीत वाचते. पण बी.ए.च्या पोरांकडे गाईड असतं आणि गाईडात ‘ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण’ असतं. पन्नास पेपर तपासा, पन्नासांत तेच. काहींनी तर अमोल पालेकरांचा सिनेमा मोबाईलवर बघून काम भागवलेलं असतं.

म्हणून या खेपेला वर्गाचा एक ऑनलाइन ब्लॉग केला. आठवड्याला ठरावीक पानं वाचायची, त्यावर आपलं म्हणणं लिहायचं आणि निदान एका मित्राच्या लिहिण्याला उत्तर द्यायचं. ‘वास्तव’ आणि ‘चित्रण’ या दोन शब्दांना बंदी. बंदी घातल्यावर पहिला आठवडा कुणाला लिहायलाच सुचेना, हे मात्र बघण्यासारखं होतं.

मग हळूहळू गाडी रुळावर आली. राजाराम मास्तर धनगरांच्या या वाडीत येतो, कारभारी त्याला पारखून घेतो, आयबू त्याच्या मागंमागं असतो, यावर बरं लिहिलं पोरांनी. तालमीच्या बांधकामावर भांडणं झाली. कादंबरीत राजा येतो तो कुठला राजा, असं एकानं विचारलं. आमचं कॉलेज आटपाडीपासून फार लांब नाही, तरी हा मुलूख ज्यात होता ते औंध संस्थान पोराला माहीत नाही. मग औंधच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, १९३८-३९च्या सुमारास गावांच्या हाती कारभार कसा दिला, यावर एक तास गेला. पोर्शनच्या बाहेरचा होता, पण गेला ते बरंच झालं.

खरी गंमत शेवटच्या पानांवर आली. पाऊस दगा देतो, मेंढरं मरायला लागतात, माणसं वाडी सोडतात, शाळेत पोरं उरत नाहीत आणि मास्तरही निघतो. बहुतेकांनी लिहिलं होतं, ‘शेवटी गाव संपते.’ एकीनं ‘शोकांतिका’ म्हटलं होतं.

सोमवारी सकाळी पहिल्या तासाआधी बघते तर रात्रीतून एक लांब मजकूर येऊन पडलेला. लिहिणारा आमचाच विद्यार्थी, पण दिवाळीनंतर वर्गात दिसलेला नव्हता. घरची मेंढरं घेऊन वडिलांबरोबर कराडच्या पुढं कृष्णाकाठी गेला होता. शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याचे धान्य-पैसे घ्यायचे आणि पुढच्या रानात मेंढरांचा वाडा हलवायचा, असं सगळं चाललेलं. मजकुरात न-णचा गोंधळ, पूर्णविराम जवळजवळ नाहीतच. सोबत फोटो होता: वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावलेलं, आत दाटीनं बसलेली मेंढरं, कडेला घोड्यावरून उतरवलेलं बिऱ्हाड आणि त्यात उलटं ठेवलेलं पातेलं.

त्याचं म्हणणं असं होतं: ‘आमच्या वाडीत आत्ता येऊन बघा म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कोण नाही मग आमची वाडी संपली का. मास्तर शाळेचा माणूस हाय त्याला पोरं दिसली नाहीत की गाव दिसत नाही.’

दुसरं वाक्य वाचून मी उठून उभीच राहिले. निवेदक बाहेरचा आहे, रिकामपण त्याच्या डोळ्यांतून येतं, हे सांगायला मी एरवी दोन तास घेते.

खाली धडाधड प्रतिक्रिया. ‘बरोबर हाय भावा’, अंगठे, टाळ्या. आणि तिथंच चर्चा आटपणार अशी चिन्हं. धनगराच्या पोरानं धनगरवाडीबद्दल सांगितल्यावर पुढं कोण बोलणार? शिक्षकालाही अशा वेळी ‘हा खरा अनुभव’ म्हणून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मला हे फारसं पटत नाही. अनुभव त्याचा आहे, कादंबरी सगळ्यांची आहे.

दुपारी एका मुलीचं उत्तर आलं. हिच्या घरी डाळिंबाची बाग आहे, टेंभू योजनेचं पाणी शिवारात येतं. तिनं पान क्रमांक देऊन शेवटच्या भागातली दोन वाक्यं उतरवली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘तुम्ही मेंढरं घेऊन गेलात. यात मेंढरं मेलीत. मग हे तुमच्यासारखं जाणं कसं?’

मंगळवारी वर्गात हाच विषय. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. सगळ्यांना शेवटची पानं उघडायला लावली आणि कोण काय घेऊन वाडीतून बाहेर पडतं, तेवढंच शोधायला सांगितलं. गाईडवाल्यांची पंचाईत झाली, गाईडात ते नसतं. मूळ पुस्तकाच्या वर्गात चारच प्रती, एकेका प्रतीवर सात-आठ डोकी. पुस्तकावरून ओढाओढ चाललेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

पोराचं उत्तर यायला तीन दिवस लागले. रेंजसाठी बांधावर चढावं लागतं, असं त्यानं आधीच कळवलं होतं. या वेळी त्यानं आजीला विचारून लिहिलं होतं. १९७२च्या दुष्काळात त्यांच्या घरची मेंढरं गेली, तेव्हा आजोबा-आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, सुकडी खाऊन दिवस काढले. आजी त्या वर्षाला ‘गेलो’ म्हणतच नाही, ‘उठलो’ म्हणते. परत आल्यावर घराचं दार कुणीतरी सरपणाला नेलेलं. पुन्हा दोन शेरडं घेऊन सुरुवात केली. शेवटी लिहिलं होतं, ‘ती म्हणती ते बरोबर हाय. पण आजी परत आली हे पण लिवा.’

यावर मुलीनं विचारलं, बनगरवाडीची माणसं परत आली की नाही, हे मास्तरला कळणार कसं? तो तर निघून गेला. मग तिसऱ्यानं उडी घेतली: मास्तर नोकरीचा माणूस, त्याची बदली होते, त्याच्या जाण्याला काय म्हणायचं? तो उठला की गेला?

परीक्षा तोंडावर आली, मी पुढची कादंबरी सुरू केली आहे. मास्तरच्या जाण्यावरचं भांडण मात्र ब्लॉगवर अजून मिटलेलं नाही. काल रात्री बांधावरून आणखी एक मजकूर आला आहे, तो अजून वाचायचाय.