उत्तर बेळगावात, प्रश्न कॅनडात

टिळकवाडी, बेळगाव. गुरुवार, रात्री साडेदहा

दहा दिवस झाले, ऊन म्हणून नाही. बेळगावच्या आषाढाची सवय आहे, पण या दिवसांत माझा सगळा जीव पत्र्याच्या पेटीत असतो. आज दुपारी तासभर उघडीप मिळाली, तशी पेटी काढली. कडुलिंबाचा पाला बदलला आणि एकेक पत्र टेबलावर पसरून बघितलं. कुठं कसर लागलेली नाही, बुरशीचा ठिपका नाही. बरं वाटलं.

अकराच पत्रं आहेत. सगळी तत्त्वचिंतकांची, त्यांच्या सहीची. त्यातल्या दोघांपाशी मी दरवेळी अडकतो.

एक आजोबांना आलेलं कार्ड, गुरुदेव रानड्यांचं. १८८६ साली जमखंडीत जन्मलेले गुरुदेव अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे, तिथं कुलगुरूही झाले. उपनिषदांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ सालचा. निवृत्तीनंतर मात्र निंबाळच्या माळावर येऊन राहिले आणि १९५७ साली तिथंच गेले. आमच्या हिंदवाडीतलं गुरुदेव रानडे मंदिर त्यांचंच. कार्डावर मराठीत चार ओळी आहेत. शाई तपकिरी पडलीय. सहीच्या शेवटी पेनातली शाई सरत आली असावी, तिथं नुसता निबाचा ओरखडा उरलाय. भिंगातून तो ओरखडा बघताना लिहिणारा हात समोर असल्यासारखा वाटतो.

आज बाबांना परत विचारलं, "आजोबांनी त्यांना काय विचारलं होतं हो?"

"कुणास ठाऊक. तात्या निंबाळहून आले की दोन दिवस बोलायचेच नाहीत. त्यांना विचारायची छाती कुणाची?"

म्हणजे चार ओळींचं उत्तर घरात आहे आणि प्रश्न गेला. मला हीच रुखरुख आहे. सही जपता येते, पण ज्यासाठी ती मागितली ते हाती लागत नाही. नुसत्या सह्या जमवणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं. पत्राचा खालचा भाग कापून फक्त सही ठेवलेली मी बघितलीय. फार वाईट वाटलं होतं.

दुसरं पत्र बर्ट्रांड रसेल यांचं. खानापूर तालुक्यातल्या एका शाळामास्तरांना आलेलं. वर वेल्समधल्या प्लास पेन्रिन या घराचा पत्ता, खाली टाइप केलेला मजकूर, मग शाईची सही. रसेल तेव्हा नव्वदीच्या पुढं होते. त्या वयात त्यांच्याकडं येणाऱ्या टपालाचा ढीग सचिव हाताळायचे, त्यामुळं सही खरी की छापील हे बघावंच लागतं. छापील सहीचे भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. इथं शाई कागदाच्या धाग्यांत उतरलेली दिसते, तीही प्लास्टिकच्या आडून. कारण मास्तरांच्या मुलानं प्रेमापोटी एका दुकानात नेऊन पत्र लॅमिनेट केलं. त्या उष्णतेनं चिकटलेलं आता कागदाला धक्का न लावता सुटणं अवघड. दुकानदारानं एकदा तरी सांगायला हवं होतं, जुना कागद आहे, पिशवीत ठेवा म्हणून. राग अजून जात नाही. पण देताना तो मुलगा म्हणाला, "तुमच्याकडं राहूदे सर, आमच्यात उंदरं लई." त्याच्यावर कसं रागवायचं?

मजकूर इथं उतरवत नाही. कागद माझ्याकडं असला तरी शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो.

एक गोष्ट मात्र गेल्या आठवड्यात डोक्यात आली आणि झोप उडाली. रसेल यांनी आलेली पत्रं फेकली नाहीत. त्यांचा कागदपत्रांचा संग्रह १९६८ साली कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठानं घेतला. त्यात त्यांना आलेली हजारो पत्रं आहेत. मग खानापूरच्या मास्तरांचा प्रश्नही तिथं एखाद्या खोक्यात पडून असेल!

आज जेवण झाल्यावर विद्यापीठाच्या संग्रहाला मेल लिहायला बसलो. गाव, तालुका, साल लिहिलं आणि नावाच्या स्पेलिंगला अडलो. मास्तर इंग्रजीत नाव कसं लिहायचे? मुलाला फोन लावला. त्यानं ट्रंकेतून जुनी सर्व्हिसची कागदं काढली आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. दोन कागदांवर दोन तऱ्हा निघाल्या. मी दोन्ही लिहून दिल्या.

फोन ठेवताना त्यानं विचारलं, "म्हणजे आण्णांचं अक्षर बघायला मिळंल व्हय, सर?"

सापडलं तर फोटो मागवतो, म्हटलं. बराच वेळ त्यानं फोन ठेवला नाही.