एका रात्रीत लहान झालेली मुलं

खराडीला मी कोरियन मुलांना इंग्रजी शिकवते. बहुतेकांचे बाबा रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. 28 जून 2023 चा बुधवार होता आणि धडा 'ओल्डर दॅन, यंगर दॅन'चा. नेमका त्याच दिवशी दक्षिण कोरियात वय मोजण्याचा नवा कायदा लागू झाला.

जुन्या कोरियन पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि 1 जानेवारीला सगळ्यांचंच वय एकाने वाढतं. म्हणजे 31 डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! नव्या कायद्याने आता वाढदिवसाला पूर्ण झालेली वर्षंच तेवढी धरायची.

"टीचर, काल मी दहा, आज आठ!" डिसेंबर 2014 ची मुलगी दारातूनच ओरडली. फेब्रुवारी 2014 चा मुलगाही कालपर्यंत दहाचाच होता, तो नऊवर येऊन थांबला. त्याने लगेच वहीत लिहिलं, 'आय अ‍ॅम ओल्डर दॅन हर', आणि पेन्सिल तिच्यावर रोखून म्हणाला, "ओप्पा म्हण!"

ओप्पा म्हणजे मुलीने दादाला मारायची हाक. कोरियन मुलांत एका वर्षाच्या फरकाने हाक बदलते, बोलण्याची रीतही बदलते. एकाच सालात जन्मलेले मात्र बरोबरीचे. वर्गात नवं कुणी आलं की ही मुलं आधी वय का विचारतात, ते मला इथेच उमगलं.

"नो! सेम इयर, सेम क्लास!" तिचा आवाज टिपेला पोहोचला.

या गोंधळात त्या मुलाचा धाकटा भाऊ तोंड पाडून बसला होता. काय झालं विचारलं, तर म्हणाला, "टीचर, नवीन वर्षाला मी त्तोकगुक दोन बाउल खाल्लं." त्तोकगुक म्हणजे तांदळाच्या चकत्यांचं सूप. ते खाल्लं की माणूस एका वर्षाने मोठा होतो, असं तिकडे मानतात. "दादाला गाठायचं होतं. आठ झालो होतो, आता सहा. दोन्ही बाउल गेले!" डोळे भरून आले होते बिचाऱ्याचे. त्याला दाराच्या चौकटीपाशी उभं केलं. तिथे मी सगळ्यांच्या उंचीच्या खुणा करून ठेवते. मागच्या खुणेपेक्षा तो चांगला बोटभर वर गेला होता. "सूप इथे आहे," मी म्हटलं. त्याने खूण दोनदा तपासली, मगच डोळे पुसले.

डिसेंबरवालीची आजी 61 ची 59 झाली होती आणि सकाळपासून नातेवाइकांना फोन करत सुटली होती. मी सांगितलं, माझी आजीसुद्धा 'नववं सरलं, दहावं लागलं' असंच मोजायची.

"मग तुमच्याकडे कायदा कधी?" तिघांनी एकदम विचारलं.

ओप्पाचं भांडण काही मिटेना. शेवटी 'कावी, बावी, बो' झालं, म्हणजे कात्री, दगड, कागद. डिसेंबरवाली जिंकली आणि तिने अट घातली, तास संपेपर्यंत त्यानेच तिला नूना, म्हणजे ताई, म्हणायचं. शब्दाला जागला पोरगा! वही तपासायला घेतली, तर पहिल्या वाक्याखाली त्याने लिहिलं होतं, 'शी इज यंगर दॅन मी, बट टुडे शी इज नूना.' 'यंगर दॅन' अगदी अचूक. मी त्याला दोन स्टार दिले.