तीन फ्रान्सिस्को, दोन नावेली

गोव्याच्या जुन्या दफ्तरांत फ्रान्सिस्को शोधायला बसलात, तर एका पानावर चार भेटतील. गोंयच्या सायबाचे, म्हणजे फ्रान्सिस झेवियरचे, नाव मुलाला ठेवायची इथे पिढ्यान्‌पिढ्यांची आवड. आडनावाची मदतही बेताचीच. धर्मांतराच्या काळात धर्मपित्याचे, म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षीदार राहणाऱ्याचे, किंवा पाद्रीचे आडनाव घेतले जाई, त्यामुळे एकमेकांशी काडीचेही नाते नसलेली कॉश्त आणि गोमिश घराणी गावोगाव झाली.

त्यातल्या त्यात फ्रान्सिस्को लुईस गोमिश ओळखीचे. जन्म ३१ मे १८२९, दक्षिण गोव्यात सासष्टीतल्या नावेलीचा. शिक्षणाने डॉक्टर, पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी, आणि १८६६ साली आलेल्या ‘उश ब्राह्मानीश’ या कादंबरीचे लेखक.

खरा घोटाळा होतो तो दोन कॉश्तांत. बेर्नार्दो फ्रान्सिस्को द कॉश्त (१८२१–१८९६) मडगावचे. गोव्यातले पहिले खासगी वृत्तपत्र ‘उल्त्रामार’ त्यांनी ६ एप्रिल १८५९ रोजी सुरू केले. तेही संसदेत गेले. पण माझ्या लेखी त्यांचे मोठे काम म्हणजे १८७२ आणि १८७४ साली दोन भागांत निघालेले, इथल्या शेतकऱ्यासाठी लिहिलेले शेतीचे पुस्तक. पत्रकार म्हणून त्यांचे नाव निघते, या पुस्तकाची आठवण कुणी काढत नाही, हे फार वाईट वाटते. दुसरे फ्रान्सिस्को जुआंव द कॉश्त. हेही मडगावचे, आणि लिहीत तेही त्याच ‘उल्त्रामार’मध्ये, ‘जिप’ या टोपणनावाने. मडगावच्या बड्या घरांतल्या सोयरिकींवरची ‘जाकोब ई दुल्सी’ ही कादंबरी त्यांचीच. पुस्तकरूपाने आली १८९६ साली, म्हणजे बेर्नार्दो गेले त्याच वर्षी. गाव एक, आडनाव एक, वृत्तपत्र एक, फ्रान्सिस्को दोघांतही. नुसते ‘फ्रान्सिस्को कॉश्त, उल्त्रामार’ असे टिपून ठेवलेत की एकाचे काम दुसऱ्याच्या खात्यावर गेलेच म्हणून समजा.

चर्चच्या वह्यांत अडचण वेगळी. लिहिणारा जागा वाचवायला नावे तोडतो. फ्रान्सिस्कोचा नुसता ‘एफ’ आणि त्याच्या खांद्यावर बारीक ‘सीओ’. घाईत ते ‘फ्रांको’ वाचले जाते आणि नावाचे आडनाव होऊन बसते. रॉड्रिग्सचे ‘रॉइझ’ होते तेही असेच. म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदीतून पाच गोष्टी एकदम उतरवा: तारीख, मूल, आई-बाप, वाडा, धर्मपिता-धर्ममाता. मग त्याच आई-बापांची बाकीची मुले शोधा. पहिले मूल दगावले की तेच नाव धाकट्याला ठेवत. मृत्यूची वही न बघता थोरल्याची जन्मतारीख धाकट्याला चिकटवली की पुढचे सगळे लग्न-वय चुकते. नागरी नोंदणी १९१४ पासूनची, त्याआधी भिस्त चर्चच्या वह्यांवरच.

गावाच्या नावावरही विसंबू नका. १६३७ साली बिशप झालेले मातेउश द काश्त्रु हेही नावेलीचेच, पण ती नावेली दिवाडी बेटावरची.

आणि गोमिशांची कबर सासष्टीतल्या नावेलीत शोधायला जाऊ नका. गोव्याला परतताना ३० सप्टेंबर १८६९ रोजी जहाजावरच त्यांना मरण आले आणि देह समुद्रातच सोडला गेला.