मुंगीची कंबर

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला अंगणात जाण्याचं काही कारण नसतं. साठावर, म्हणजे वाळत घातलेल्या आंब्याच्या पोळीवर, मात्र लक्ष ठेवावं लागतं. मुसराद आंब्याचा रस आटवून, ताटाला तुपाचं बोट फिरवून ओतलेला होता, आणि ताटाच्या काठावरून मुंग्यांची रांग आत उतरायला लागली होती. एरवी मी सरळ हळदीची चिमूट आणली असती. त्या दिवशी हाताशी बाबांचं भिंग होतं. बाबा त्यातून पोर्तुगीज अमदानीतली तिकिटं बघत बसायचे. तिकिटं भावाकडे गेली, भिंग माझ्याकडे राहिलं. रांगेतल्या एकीला काडीने बाजूला घेतलं आणि भिंगाखाली धरलं. तिच्या कंबरेला दोन गाठी होत्या.

आता कुणी म्हणेल, मुंगीच्या कंबरेत बघण्यासारखं काय असतं? तिथेच तर सगळं असतं. डोकं, छाती, पोट असे मुंगीचे तीन भाग आपण शाळेत पाठ केले, पण ते तितकंसं खरं नाही. पोटाचा पहिला खंड पुढे सरकून छातीला कायमचा चिकटलेला असतो. त्याच्यामागे एक बारीक देठ, त्याला पेटिओल म्हणतात, आणि मग उरलेलं फुगीर पोट, म्हणजे गॅस्टर. देठावर एकच गाठ की मागे आणखी एक, यावरून निम्मा निकाल लागतो. दोन गाठींच्या बहुतेक मुंग्या मिर्मिसिनी या उपकुलातल्या, म्हणजे मुंग्यांच्या मोठ्या घराण्याच्या एका शाखेतल्या. साठावर आलेल्या त्या.

एकच गाठ निघाली तर पुढची तपासणी जरा संकोचाची आहे. मुंगी उलटी करून तिच्या पोटाचं अगदी शेवटचं टोक बघायचं. तिथे नांगी असली तर बहुधा पोनेरिनी. नांगी नाही, नुसती आडवी फट असली तर डॉलिकोडेरिनी. आणि बारीक गोल भोक, त्याच्याभोवती केसांची झालर असली, तर ती फॉर्मिसिनी. ही झालर दुसऱ्या कुठल्याच उपकुलात नाही. तीन हजारांहून जास्त जातींचा हा पसारा, आणि त्यांची ओळख काय, तर मागच्या भोकाची झालर! माणसांना या पद्धतीने ओळखायची वेळ आली नाही हे बरंच.

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात मुंग्यांचं वर्गीकरण आजीने कधीच करून ठेवलेलं होतं आणि त्यावर अपील नव्हतं. काळ्या त्या देवाच्या, त्यांना मारायचं नाही. बारीक लाल त्या वैरिणी. मोठा काळा मुंगळा पाहुणा. तो तुळशीवृंदावनाशी, न्हाणीच्या दारात, कुठेही फिरला तरी कुणी हटकत नसे. आणि चौथ्या त्या ‘कुजकट’. अंग पारदर्शक, डोकं तेवढं काळपट, ओट्यावर वेड्यासारख्या धावणाऱ्या. बोटाखाली चिरडली की बोटाला खवट खोबऱ्यासारखा वास. आजीची नात म्हणून सांगत नाही, पण हा वास पुस्तकातही आहे. टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम हे तिचं नाव, उपकुल डॉलिकोडेरिनी, आणि वास त्या मागच्या फटीतून सुटणाऱ्या द्रवाचा. आजीचं फडताळ चार वाट्यांत उभं असायचं, वाट्यांत पाणी. पाण्यावर धूळ जमून पूल झाला की मुंग्या वर. मग आरडाओरडा, मग नवीन पाणी.

एक माझा जुना राग इथेच सांगून टाकते. लहान मुलांच्या पुस्तकांत मुंगी काढतात तिचे मागचे दोन पाय हटकून पोटातून निघालेले असतात. औषध फवारणाऱ्यांच्या गाडीवरसुद्धा तसंच चित्र. सहाच्या सहा पाय छातीला असतात हो! आणि मिशा सरळ नसतात, कोपरात वाकलेल्या असतात. ज्यांचं पोटच मुंग्यांवर चालतं त्यांनी तरी एकदा खाली वाकून बघावं.

हुमल्यांना आजीच्या यादीत जागा नव्हती. हुमले झाडावरचे, घराबाहेरचे. तांबूस, लांब टांगांचे, पानं शिवून घर करणारे. घाटावरच्या वाचकांना हुमले कदाचित भेटले नसतील, पण गोव्यात आंब्यावर चढलेल्या कुणालाही त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. मी चढायचे. परसातल्या बिटकीच्या झाडाला एक सोयीची आडवी फांदी होती, तिथवर पोचलं की खाली उतर म्हणून काकूचा आवाज यायचा, “हुमले चाबतले गो, सकयल देंव!” तोवर एक हुमला मानेवर, एक फ्रॉकच्या आत. फांदीवर बसून दोन्ही हातांनी अंग झाडायचं म्हणजे फांदी सोडावी लागते, आणि फांदी धरायची तर हुमले सहन करावे लागतात. या पेचावर मला तरी अजून तोड सापडलेली नाही. सर्दी झाली की घरकामाला येणाऱ्या मावशी हुमल्यांनी भरलेलं एक पान तळहातावर चुरगळून नाकाशी धरायच्या. डोळ्यांतून पाणी, डोक्यातून वाफ, आणि नाक उघडं! आम्हाला ते औषध वाटायचं. शिक्षा म्हणूनही चाललं असतं.

ती वाफ फॉर्मिक आम्लाची. हुमल्याला नांगी नाही. तो जबड्याने चावा घेतो आणि लगेच पोट पुढे वाकवून जखमेवर आम्ल सोडतो, त्या झालरवाल्या भोकातून. म्हणजे चावतो पुढून आणि झोंबतो मागून. इंग्लंडचे निसर्ग अभ्यासक जॉन रे यांनी १६७१ मध्येच, मुंग्यांचं ऊर्ध्वपातन करून निघणाऱ्या या आम्लाविषयी लिहून ठेवलं. त्यांच्या मुंग्या वेगळ्या, पण उपकुल हेच. ओडिशात मयूरभंजकडे लोक हाच आंबटपणा चटणीत वाटून खातात आणि त्या चटणीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आम्ही कोकमावर भागवतो.

हुमल्याचं घर मात्र बघण्यासारखं. पानाची एक कड जबड्यात, पाय दुसऱ्या पानावर घट्ट, अशी कामकऱ्यांची ओळ लागते. पान लांब असेल तर एकीची कंबर दुसरीने धरायची, दुसरीची तिसरीने. कंबर म्हणजे तीच, एका गाठीची. पानं जवळ आली की आतून दुसऱ्या कामकरी येतात, प्रत्येकीच्या तोंडात एक अळी. ही अळी या कडेला टेकवायची, मग त्या कडेला, पुन्हा या. अळीच्या तोंडातून रेशीम सुटतं आणि पानं शिवली जातात. दुसऱ्या कित्येक मुंग्यांच्या अळ्या हे रेशीम स्वतःभोवती गुंडाळून कोश करतात. मुंगळ्याच्या बिळातून पांढुरके कोश बाहेर आले की आपण त्यांना अंडी म्हणतो. हुमल्याच्या अळीला कोश नाही. तिचं सगळं रेशीम घराला. ती उघडीच वाढते, उघडीच पालटते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या घरातली एक थोरली बहीण आठवली. पण ते असू दे.

मला खरी गंमत वाटली ती मुंगळ्याची. तुळशीपाशी फिरणारा तो साळसूद पाहुणा आणि आंब्यावरचा हा मारकुटा हुमला, दोघेही एकाच उपकुलातले. कंबरेला एक गाठ, मागे तीच झालर, पोटात तेच आम्ल. वागणं बघून कुणी नातं सांगणार नाही. भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, वाटणीवरून बोलणं बंद झालेले चुलतभाऊ कसे एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जातात, पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर त्यांची नावं मुकाट्याने एकाखाली एक असतात, तसंच हे. उतारा काढणारे लोक वेगळे. फॅब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये हुमल्याला नाव दिलं आणि १७८७ मध्ये आपल्याकडच्या काळ्या मुंगळ्याला. बिंगहॅम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९०३ मध्ये हिंदुस्थानातल्या मुंग्यांचा जाडजूड ग्रंथ काढला, त्यातही दोघे एकत्रच. फक्त उपकुलाचं नाव तेव्हा कॅम्पोनोटिनी होतं, म्हणजे मुंगळ्याच्या घराण्याचं. पुढे ते फॉर्मिसिनी झालं. नावं बदलली म्हणून मुंगळ्याने तुळस सोडली नाही.

चतुर्थीला मात्र सगळी उपकुलं आमच्या घरात एका छपराखाली येतात. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधायला रानातून कांगलं येतं, आंबाडे येतात, सुपारीचे घोस, नारळाची पेंड, तोरिंगां. त्यांच्याबरोबर त्यांच्यावरचे रहिवासीही येतात. आरती चालू असताना वरून एखादा हुमला पुढच्या माणसाच्या सोवळ्यावर पडतो आणि मग ‘जय देव जय देव’ कुणाचा अचानक वरच्या पट्टीत का गेला हे मागच्यांना आपोआप कळतं. गणपतीच्या पायाशी मोदकावर लाल वैरिणी, समईपाशी कुजकट. त्या दिवशी कुणी कुणाला मारत नाही. भिंग घेऊन आरतीला उभं राहू नये एवढं मात्र मला घरच्यांनी सांगून ठेवलंय.

हे सगळं मी आमच्या भाटात काम करणाऱ्या दादाला सांगत होते. नारळ तोच पाडतो, आंबे तोच काढतो, काजूच्या दिवसांत बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायला त्याच्याच घरची माणसं येतात. झाडावर चढण्याआधी तो दंडाला आणि पोटऱ्यांना राख चोळतो. दर वर्षी मी बघत आलेय की आंब्यावरची हुमल्यांची घरटी तो कोयत्याने फांदीसकट उतरवतो आणि काजूवरच्यांना हात लावत नाही. या वेळी विचारलं, असं का? तो म्हणाला, आंबा झाडावर हात घालून काढावा लागतो. बोंडू पिकून खाली पडतो, तो जमिनीवरून वेचायचा. मग वर हुमले असले तर आपलं काय जातं? उलट मोहोर काळा पडत नाही. काजूचा मोहोर काळा पाडतो तो टी मॉस्किटो नावाचा ढेकूण. कोवळ्या शेंड्यातला रस शोषतो आणि शेंडा करपतो. हुमले त्याला टिकू देत नाहीत, यावर परदेशातल्या काजूबागांतही काम झालेलं आहे. चीनमध्ये तर संत्र्याच्या बागेत सोडायला हुमल्यांची घरटी पिशव्यांतून बाजारात विकायला येत, आणि ही नोंद इसवी सन ३०४ च्या सुमाराची. दादाला चीनचं काही नवल वाटलं नाही. तो म्हणाला, विकत कशाला, आमच्याकडून फुकट न्या म्हणावं.

काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला. हुमला इथला. दोघांचं जमलं कधी आणि कसं, हे विचारायला आता कुणी नाही.

मग मी त्याला भिंग दिलं. म्हटलं, बघ, कंबरेला एकच गाठ आहे, मुंगळ्यालाही एकच, आणि साखरेवर येते तिला दोन. त्याने एक डोळा मिटून बघितलं, बराच वेळ बघितलं. हुमला भिंगाच्या कडेवरून त्याच्या अंगठ्यावर चढला आणि चावला. त्याने अंगठा चड्डीला पुसला, भिंग परत दिलं, आणि आंबे काढायचा झेला उचलता उचलता म्हणाला, “कंबर पळोवपाक वेळ खंय आसा बाय, तो आदीं तोंड दाखयता.”