सर, आपलाकडे समुद्र कोठे शे?

खानदेशातल्या चोपड्याच्या माझ्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो. "सर, आपलाकडे समुद्र कोठे शे? मंग स्पंज कसाले?" समुद्रापासून इतक्या दूर स्पंज कशाला शिकवता, हे तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

पहिल्या तासाला मी वाळलेलं गिलकं नेतो. साल सोलून बिया झटकल्या की आत राहते ती जाळी, आपण अंग घासायला वापरतो ती. मुलांना वाटतं, स्पंज म्हणजे हेच. हे तर वेलीचं फळ. समुद्रातला स्पंज हा प्राणी आहे, पण त्याला ना पोट, ना मज्जातंतू. अंगभर बारीक छिद्रं. आतल्या पेशींचे शेपटीसारखे धागे सतत हलत असतात, त्यामुळे पाणी आत ओढलं जातं आणि त्यातले जीवाणू गाळून स्पंज ते खातो.

आणि हाच प्राणी जीवाणू पोसतोही! काही जातींत तर अंगातला तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, जीवाणूंचाच असतो. कुणी उन्हावर अन्न तयार करतात, कुणी अमोनियाची विल्हेवाट लावतात. हरभरा उपटल्यावर मुळांना जीवाणूंच्या गाठी दिसतात ना, तसाच हा घरोबा. अनेक जातींत आईच्या अंगातले जीवाणू पिल्लांतही उतरतात. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावावं, तसे.

स्पंजाला जागेवरून पळता येत नाही. खायला येणाऱ्यांपासून बचाव होतो तो बराचसा विषारी रसायनांनी. थिओनेला नावाच्या एका जपानी स्पंजातली अशी बहुतेक रसायनं त्याच्या आत राहणारा एकच जीवाणू बनवतो, हे २०१४ साली समोर आलं. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

पण माझं खरं कारण घरातलं आहे. भाच्याला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा मुंबईत रात्रभर त्याच्या उशाशी बसून मी सलाईनच्या पिशवीवरचं नाव वाचत होतो: सायटाराबीन. नंतर शोधलं. १९५०च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना कॅरिबियन स्पंजात काही वेगळे रेणू सापडले होते. त्यांच्या धर्तीवर हे औषध प्रयोगशाळेत घडवलं गेलं आणि १९६९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. समुद्र कधी न पाहिलेल्या आमच्या पोराच्या शिरेत ते थेंब थेंब उतरत होतं.

तो आता बारावीला आहे. यंदाचं गिलकं त्यानेच बांधावरून तोडून आणलं.